वाहेदभाईंच्या गाडीतली रेती

दुसरबीडात लग्नाला, देवाला किंवा मोठ्या दवाखान्यात जायला गाडी ठरवायची म्हटलं की लोक आधी विचारतात, वाहेदभाई मोकळे आहेत का. त्यांची सात सीटांची पांढरी गाडी आता अकरा वर्षांची झाली. बाहेरून दोन ठिकाणी रंग उडालाय. आत मात्र बसताना आपले पाय कुठे ठेवावेत असा संकोच वाटतो. नवरी न्यायला हीच गाडी लागते, कारण शालूला डाग पडणार नाही याची खात्री असते. या गाडीत शेंगा सोलायच्या नाहीत, ओली छत्री आत घ्यायची नाही. कुणाला मळमळलं तर ते वाहेदभाईंना त्याच्याआधी कळतं. आरशात एकदा तोंड बघतात आणि गाडी बाजूला घेतात.

आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. पंचावन्नचे असतील. उंच, जरासे वाकलेले, बोलणं हळू. त्यांची बायको नसीमाभाभी माझी बोलण्याबसण्यातली. शेवयांच्या दिवसांत आम्ही एकमेकींच्या गच्चीवर खाटा टाकतो.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडे समुद्राचं वेड आलं. आधी एखादा फौजी किंवा पोलिसातला सोडला तर समुद्र कुणी बघितलेला नसे. आता दिवाळी आणि उन्हाळा आला की गल्लीगल्लीतून एक गाडी कोकणात जाते. वाहेदभाईंची पहिली खेप लोणारच्या एका कुटुंबाची होती. ती मंडळी पाण्यातून निघाली ती तशीच, ओल्या कपड्यांनी, गाडीत बसली. परत आल्यावर वाहेदभाई चार दिवस गाडी झाडत होते. रेती सीटखालच्या सरकपट्ट्यांत गेली, त्यामुळे पुढची सीट सरकेना. पट्टा जिथून ओढतात त्या फटीत गेली, एसीच्या जाळीत गेली. वर्षभरानं रमजानच्या आधी गाडी धुतली तेव्हाही गादीच्या शिवणीत चिमूटभर निघाली. मला म्हणाले, "ताई, आपल्या नदीची रेती झटकली का पडते. समुद्राची रेती बसते. घर सापडल्यावानी."

तेव्हापासून त्यांनी एक पद्धत बसवली, आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. किनाऱ्यावरून निघायच्या वेळी ते गाडीच्या मागच्या दाराशी पोतं अंथरतात. पोत्यावर एक निळा टब, बाजूला गोड्या पाण्याचा जार, प्लास्टिकचा मग, पावडरचा डबा आणि जुन्या लुगड्याची फडकी. एकेकानं पोत्यावर उभं राहायचं. पायाला रेती ओली चिकटलेली असेल तर घासायची नाही, आधी पावडर टाकायची. पावडर ओल पिते आणि रेती आपोआप गळते. मग टबात पाय, मग फडकं. चपला खताच्या रिकाम्या थैलीत. आत सगळ्या गाद्यांवर चादरी असतातच. मुक्कामाला पोचलं की चादरीची चारही टोकं एकत्र धरून त्या बाहेर नेऊन झटकायच्या.

हे सगळं त्यांच्या देखत व्हायला लागतं. "लोक हाव हाव म्हणतात आन् बोटाच्या बेचक्यात रेती घेऊन बसतात," असं त्यांचं म्हणणं. बायांना ते हात लावत नाहीत, मगानं नुसतं पाणी सोडतात. बाया लुगडं-साडी पोटरीपर्यंत वर घेतात म्हणून त्यांची नजर टबातून वर येत नाही. लहान मुलांचे पाय मात्र ते हातात घेऊन धुतात. आणि धुताना मोजतात, दोन, चार, सहा. माणसांच्या संख्येच्या दुप्पट पावलं झाली की टब उपडा करायचा आणि गाडी चालू करायची. त्यांच्या गाडीतलं कुणी कधी मागे राहिलं नव्हतं. "ज्याले मी बसवलं, त्याले मी घरी उतरवलं," हे ते जरा अभिमानानं सांगत. एवढाच अभिमान मी त्यांच्यात पाहिला.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत आम्ही गेलो. गावाचं नाव मी लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. वाहेदभाईंच्या गाडीत आमचे हे, सासूबाई, माझी मुलगी काजल आणि मी. शेजारचे शेखरभाऊ आणि वंदना त्यांच्या स्वतःच्या छोट्या गाडीत होते, पण त्यांची सहा वर्षांची छकुली आमच्या गाडीत बसायला हटून बसली. तिला तो टब फार आवडला होता. पहिल्या संध्याकाळी तिनं एकदा पाय धुऊन पुन्हा रेतीत उडी मारली, पुन्हा धुऊन घेण्यासाठी. वाहेदभाईंनी पुन्हा धुतले.

सासूबाईंना मात्र ते पटेना. त्या म्हणजे मोठ्या सोवळ्याच्या. परका, वयानं जाणता माणूस आपल्या पायावर पाणी ओततो म्हणजे आपल्याला पाप लागतं, असं त्या म्हणाल्या. वाहेदभाईंनी मान वर न करताच उत्तर दिलं, "माय, मी तुमचे पाय कुठं धुऊन राह्यलो? मी माह्यी गाडी धुऊन राह्यलो." सासूबाई हसल्या आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर निघालो. घाट चढून वर मुक्काम करायचा होता. वंदनाचं डोकं दुखत होतं म्हणून ती दोघं दहा मिनिटं आधी निघाली, रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबतो म्हणाली. किनाऱ्यावर गर्दी विरळ झाली होती. भरती चढत होती आणि सुरूच्या झाडांत वारा शिरला की कुणीतरी लांबून पोतं ओढत आणतंय असा आवाज येई. वाहेदभाई टबाशी बसले. सासूबाई, काजल, हे, मग मी. मी मागच्या दारानं चढले. मागे समोरासमोर दोन आडवे बाक आहेत. एका बाकावर मी, समोरच्या बाकावर छकुली, असं आमचं येतानाचंच ठरलेलं होतं. तिथे दिवा नाही. मी दाराकडे पाठ करून ओल्या कपड्यांच्या थैलीला गाठ मारत होते.

मागून वाहेदभाईंचा आवाज आला, "ये बेटा. अरे बापरे, किती थंड पाय तुह्ये." पाण्याचा आवाज. मग "नऊ, दहा. चढ." बाकावर वजन पडल्याचं मला कळलं. दार लागलं. ते दार लावताना मोठ्यानं वाजतं आणि आतून उघडत नाही. कडी बिघडली आहे. मुलं चालत्या गाडीत दार उघडतात म्हणून वाहेदभाईंनी ती मुद्दाम तशीच ठेवलीय.

गाडी निघाली. मी म्हटलं, "छकू, थंडी वाजते का गं?" उत्तर आलं नाही. निघायचं म्हणून रुसली असेल, असं मला वाटलं. अंधारात मी चाचपून कोरडा टॉवेल घेतला आणि समोर तिच्या अंगावर टाकला. वळणावर एक लहान पाऊल माझ्या पोटरीला टेकलं. साडीतूनही ते इतकं गार लागलं की मी दचकले. मग मी माझा पाय तिथंच ठेवला, तिला ऊब लागावी म्हणून. अर्धा तास तो तसाच होता.

पंपावर शेखरभाऊंची गाडी उभी होती. वंदना बिस्किटचा पुडा घेऊन आली, तिनं मागचं दार उघडलं आणि मुलीला उठवायला टॉवेल उचलला. खाली चादर होती. चादरीवर ओलं चिंब वर्तुळ आणि मूठभर रेती. बाक रिकामा होता.

पुढचा अर्धा तास मी सविस्तर लिहू शकत नाही. वाहेदभाईंनी गाडी वळवली आणि ते ज्या वेगानं गेले त्या वेगानं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. वंदना आमच्या गाडीत, माझ्या समोर, त्या ओल्या चादरीवर बसली होती. समोर बसलेल्या मुलीकडे तू पाहिलं कसं नाहीस, हे तिनं मला अजून विचारलेलं नाही.

छकुली सापडली. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या बाईनं तिला आपल्या उपड्या क्रेटवर बसवून ठेवलं होतं. आम्हाला बघून ती धावत आली तेव्हा तिचे पैंजण वाजले. मी वाहेदभाईंकडे पाहिलं. ते त्या पैंजणांकडे बघत होते.

शहाळीवाली बाई आम्हाला रागावली. म्हणाली, दोन पोरी घेऊन येता आणि एकीला बसवून निघून जाता? आमचे हे म्हणाले, आमच्याबरोबर एकच मुलगी आहे. बाईनं समुद्राकडे पाहिलं, मग क्रेट उचलला, आणि मग तिला एकाएकी घरी जायची घाई झाली.

छकुलीला विचारलं, तू होतीस कुठे. ती म्हणाली, झाडामागे खेळत होते. कुणाबरोबर? तर तिच्याबरोबर. मग तू आली का नाहीस? छकुलीनं वाहेदभाईंकडे तक्रारीनं पाहिलं.

"तिनं माझा नंबर घेतला," ती म्हणाली. "टबात माझा नंबर होता."

शेखरभाऊ वाहेदभाईंच्या अंगावर गेले आणि एक हात अंतरावर थांबले. वाहेदभाई जागचे हलले नाहीत. "माह्यी चूक आहे," एवढंच म्हणाले. त्या रात्री त्यांनी ती चादर झटकली नाही. घडी घालून गाडीतच ठेवली.

परतीच्या वाटेवर आमच्या ह्यांनी सगळ्याचा उलगडा करून दाखवला. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. गावातलं एखादं चुणचुणीत पोर असणार, मजा म्हणून पाय धुऊन घेतले, आत चढलं आणि वाहेदभाई टब उपडा करायला वळले तेवढ्यात उतरून पळालं. पोटरीला लागलं ते ओल्या कपड्यांचं बोचकं. वाहेदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "सर, टब उपडा केला तवा माह्या एक हात दारालेच व्हता." 

एवढ्यावर हे संपलं असतं. गल्लीत चार दिवस चर्चा झाली, वंदनानं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला आणि सोडला. पण वाहेदभाईंची गाडी वाळेना.

त्यांनी मागच्या बाकाची गादी काढून गच्चीवर उन्हात टाकली. खालचा गालिचा गोड्या पाण्यानं पुसून घेतला, वॉशिंग सेंटरवर नेऊन धूळ ओढणाऱ्या मशिनीनं तीनदा ओढला, शिवणी जुन्या दातब्रशनं झाडल्या. सगळं कोरडं खडखडीत करून संध्याकाळी जागच्या जागी लावलं. सकाळी दार उघडलं तर डाव्या बाकाच्या खाली मॅट ओली, आणि तिच्यावर रेती. फार नाही, मूठभर. दोन लहान पाय जिथे टेकतील तेवढ्याच जागेत.

आमचे हे म्हणाले, मीठ हवेतली ओल ओढतं, गालिच्यात मीठ मुरलं असणार. ते खरंही आहे. आमच्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ते मी पाहते. पण हे दिवस मार्गशीर्षाचे होते. ओठ फुटत होते, कोरड्या हवेनं दाराच्या फळ्या आकसल्या होत्या. अशा हवेत कुठली ओल?

बसस्टँडवर चहावाल्या कारभारीनं थट्टा सुरू केली. नदीतली रेती चोरून चोरून संपली, आता वाहेदभाईच्या गाडीतच रेती पिकते, लिलाव कधी आहे? लोक हसले, वाहेदभाईही हसले. पण मग एका वरातीतली करवली उठून पुढे जाऊन बसली. मागे गार लागतं म्हणाली. दुसरबीडहून मेहकरला नेलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी उतरताना विचारलं, ती पोर तुमची का? कोणती पोर म्हटल्यावर ते आपल्या डोळ्यांच्या ऑपरेशनविषयी बोलू लागले. त्या दिवसापासून वाहेदभाईंनी भाडं घेणं बंद केलं. गाडी अंगणात निंबाखाली उभी राहिली.

मुलगा मतीन म्हणाला, अब्बा, विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो. नसीमाभाभींच्या माहेरून कुणीतरी तावीज बांधायला सांगितलं. वाहेदभाई दोन्हीला नाही म्हणाले. त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं. मी त्या दुपारी भाभींकडे मेथी निवडत बसले होते. ते गाडीचं मागचं दार उघडून तिथंच जमिनीवर बसले होते, टबाशी बसायचे तसे.

"ताई, विकू कशी? आतमंधी सवारी बसेल हाये."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मीच म्हटलं ना तिले, चढ म्हणून. ते लेकरू काही आपल्या मनानं नाही आलं. मी त्याचे पाय धुतले. पायात पैंजण नाही हे मले दिसलं व्हतं. वाटलं, मायनं काढून ठेवले असतीन, पाण्यात पडतीन म्हणून. मान वर करून पाह्यलं असतं तं?" मग म्हणाले, "लेकराले तावीज कायले? त्याले घरी न्याचं असते. कोनाचं का असेना, कसंही असेना. मी आनलं."

भाभी आत भांडी आवरत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता.

पुन्हा त्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. वाहेदभाई आणि भाभी जाणार होते, पण आदल्या दिवशी भाभी आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, ते म्हणतात की ताई आल्या तर बरं होईल, कारण पोरगी त्यांच्याजवळ बसली होती, त्यांच्या ओळखीची आहे. मला हसू यायला हवं होतं. माझ्या पोटरीवर मात्र त्या जागी काटा उभा राहिला. ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तुला जायचं असेल तर जा. थोड्या वेळानं उठून त्यांनी माझ्या पिशवीत टॉर्च ठेवला.

तो प्रवास मी विसरणार नाही. मी आणि भाभी मधल्या सीटवर, मागचे दोन्ही बाक रिकामे. वाहेदभाईंनी मागे चादर घातली नव्हती. चहाला थांबलो की ते आधी जाऊन मागचं दार उघडत, मिनिटभर उघडं ठेवत आणि मग लावत. लेकरू अवघडतं, म्हणाले. टोलनाक्यावरच्या माणसानं खिडकीतून वाकून विचारलं, किती जण? वाहेदभाई गप्प राहिले. भाभींनी सांगितलं, तिघं. गाडी पुढे गेल्यावर वाहेदभाई कुणाकडे न बघता म्हणाले, "मनावर घेऊ नको, बेटा." पुण्याच्या पुढे भाभींनी राजगिऱ्याचे लाडू काढले. एक मला दिला, एक त्यांना, आणि एक मागे बाकावर कागदावर ठेवला. घाट उतरल्यावर मी मागे वळून पाहिलं. लाडू तसाच होता. कागद मात्र भिजला होता.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तासाभराचा दिवस बाकी होता. सुट्ट्या नव्हत्या, त्यामुळे माणूस नाही. शहाळ्याचं दुकान ताडपत्रीनं बांधलेलं. वाहेदभाईंनी गाडी बरोब्बर त्याच जागी लावली, सुरूच्या त्याच झाडाखाली. मागचं दार उघडलं.

"उतर बेटा. आलं तुह्यं गाव."

वारा पडला होता. आम्ही थांबलो. वाहेदभाई दारात उभे राहून खाली रेतीकडे बघत होते, पाऊल उमटतं का ते. काही उमटलं नाही. मी हात पुढे केला, लहान मुलाला उतरवायला करतो तसा, आणि म्हटलं, चल गं, मी आहे. हात रिकामाच राहिला. सूर्य पाण्याला टेकला. वाहेदभाईंच्या कपाळावर घाम आला. ते पुन्हा म्हणाले, बेटा उतर. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज फाटला. मला त्यांची भीती कळली. ही पोर उतरली नाही तर ते तिला घेऊन परत जाणार होते, आणि मग जन्मभर ती गाडी निंबाखाली उभी राहणार होती.

भाभी पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांना बाजूला केलं.

"दारात असं राखणदारावानी उभं राह्यल्यावर लेकरू उतरन का?" त्या म्हणाल्या. "त्याले वाटते, आपण चोरून बसलो, आता बोलनं खावं लागन. जा, तिकडं तोंड करा. ताई, तुमीही."

आम्ही तिघंही झाडांकडे तोंड करून उभे राहिलो, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे. पाठीमागे समुद्र. वाहेदभाईंच्या नमाजची वेळ झाली होती, त्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला, मागचं दार दिसणार नाही तिथं, पश्चिमेकडे तोंड करून रुमाल अंथरला. ते वाकले, उठले, पुन्हा वाकले. मी सुरूच्या खोडावर चढणाऱ्या मुंग्या बघत होते. दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. फक्त एकदा, माझ्या उजव्या पोटरीवर, काहीतरी गार, ओलं टेकल्यासारखा स्पर्श झाला. तो तिथे राहिला. साडी त्या जागी पायाला चिकटली. मी हलले नाही. मी माझा पाय तिथंच ठेवला. मग स्पर्श गेला.

भाभींना मी काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, चला.

मागच्या बाकाखालची मॅट कोरडी होती. वाहेदभाईंनी हात फिरवला, तळवा नाकाशी नेला, पुन्हा फिरवला. रेती होती, पण ती कोरडी, भुरभुरीत, झटकली की पडणारी. त्यांनी मॅट बाहेर काढून एकदाच झटकली.

मग पोतं अंथरलं. टब काढला. मला वाटलं होतं की आज तरी हे राहील, पण ते टबाशी बसले. मी पोत्यावर उभी राहिले. पाणी सोडायच्या आधी त्यांनी मान वर केली. वीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझ्याकडे असं सरळ पाहिलेलं मला आठवत नाही.

"नाव सांगा, ताई."

मी सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, का कोण जाणे. मग भाभी उभ्या राहिल्या. त्यांनाही त्यांनी नाव विचारलं. एरवी त्यांनी नवऱ्याला काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी त्या शहाण्यासारख्या म्हणाल्या, नसीमा. शेवटी त्यांनी स्वतःचे पाय धुतले आणि आपलंही नाव मोठ्यानं घेतलं. टब उपडा करायच्या आधी ते थोडे थांबले. अंधार झाला होता, पाणी बरंच वर आलं होतं.

"अजून कोनी राह्यलं का?" त्यांनी विचारलं. आम्हाला नव्हे.

कुणी बोललं नाही. त्यांनी टब उपडा केला.

गाडी परत भाड्यानं लागली. मकरसंक्रांतीनंतर त्यांनी एक नवरी देऊळगावला नेली आणि मागे बसलेल्या करवल्या गाणी म्हणत गेल्या. कारभारीनं चहाच्या टपरीवर नवी थट्टा काढली आहे की, वाहेदभाईच्या गाडीत आधार कार्डाशिवाय पाय धुवत नाहीत. कोकणात जाणारी मंडळी हसत हसत नावं सांगतात, पोरं मुद्दाम सिनेमातल्या नटांची नावं सांगतात, आणि वाहेदभाई खरं नाव निघेपर्यंत पाय हातातून सोडत नाहीत. बायांच्याही तोंडाकडे ते आता बघतात. सुरुवातीला एकदोघींनी नाकं मुरडली. छकुली आता आठ वर्षांची आहे. ती गेल्या उन्हाळ्यात पुन्हा त्यांच्याच गाडीनं गेली. वंदनानंच पाठवली.

त्या खेपेला काजलही होती. ती आल्यावर सांगत होती, सगळ्यांचे पाय धुऊन झाले, सगळे बसले, तरी वाहेदचाचा टब घेऊन बसूनच होते. हॉर्न वाजवला, हाका मारल्या. ते विचारत होते, अजून कोनी राह्यलं का, आणि विचारून गप्प बसत होते. पुन्हा विचारत होते.

मी एकदा त्यांना म्हटलं, वाहेदभाई, एकदा विचारून पुरत नाही का? ते गाडीची काच पुसत होते. कापड उलटं करून त्यांनी कोरड्या बाजूनं पुसलं.

"लेकरं लवकर बोलत नाहीत ना, ताई," ते म्हणाले. "वाट पाहा लागते."